खेरमाईचा चोला

जबलपूरला कांचघरच्या चौकातल्या औषधाच्या दुकानापुढं पद्मजा वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी उभी होती, आणि पुढच्या बाईच्या मोबाइलवर तिला स्वतःचे हात दिसले. नुसते हातच. मनगटापासून बोटांपर्यंत, तेलानं आणि शेंदरानं माखलेले. डाव्या हाताची करंगळी लहानपणी फाटकात चेंगरून वाकडी झालेली, ती तशीच एका अंगाला वळलेली, म्हणजे नाही म्हणायला जागाच नव्हती. हातात लाकडी पट्टी होती, पट्टी शेंदराच्या थराखाली शिरत होती, दोन तासांचं काम वीस सेकंदांत उरकत होतं, आणि शेवटी तो सबंध थर सुटला की हात त्याला अलगद खाली घेत होते. मागं उरायचा दगडाचा चेहरा. मिटत आलेले डोळे, भरलेला खालचा ओठ, कपाळावर तिसऱ्या डोळ्याची उभी रेघ. बाई वळून म्हणाली, ''देखो तो बहनजी, अंदर से कैसी सुंदर निकली!'' आणि तिनं ते परत पहिल्यापासून लावलं. पद्मजा म्हणाली, ''हां, सुंदर है.'' दुकानदारानं हाक मारली तेव्हा आपण कशाला आलो होतो तेच तिला आठवेना. पुडी घेतली, पर्समध्ये टाकली, आणि स्कूटरची किल्ली हातात असताना ती दोनदा काउंटरवर शोधली. आठ महिने झाले होते. आठ महिने तिनं ती गोष्ट अशी दाबून ठेवली होती की कधीकधी खरंच तसं काही झालंच नाही असं वाटायचं. आणि आता ती भर दुपारी, चौकात, कुणा अनोळखी बाईच्या तळहातावर चालू होती.

स्कूटरवर बसून तिनं प्रसन्नला फोन लावला. प्रसन्न पुण्याचा, दोन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त जबलपूरला आलेला, तिच्या मूर्तींच्या उपक्रमात कॅमेरे आणि संगणक हे त्याचं काम. त्यानं हॅलोच आनंदानं म्हटलं. ''मॅडम, पाहिलंत का? अहो, दोन लाख लोकांनी बघितलंय! आपलं सगळं अॅप एकीकडं आणि हा वीस सेकंदांचा तुकडा एकीकडं.'' पद्मजा म्हणाली, ''तू शूटिंग केव्हा करून राहिला होता?'' ''अहो, तिकाटण्यावरचा छोटा कॅमेरा. नोंदीसाठी मी तो कायमच चालू ठेवतो.'' ''काढून टाक ते. आत्ताच्या आत्ता.'' पलीकडं तो गोंधळला. ''पण का? तुमचा चेहरा कुठंच नाहीये. नुसते हात आहेत. आणि लोकांना हेच तर बघायचं असतं मॅडम, मूर्ती कशी बाहेर येते ते. तुम्हीच म्हणता ना, निकाल दाखवू नका, काम दाखवा.'' म्हणत होती खरी. वर्गात म्हणायची, सभेत म्हणायची, त्या उपक्रमाच्या पहिल्या बैठकीत टेबलावर बोट आपटून म्हणाली होती. प्रसन्न बिचारा. त्याला बापड्याला ठाऊकच नव्हतं. त्याचं हिंदी कामापुरतं, गावाकडची बोली तर त्याला ओ की ठो कळत नसे, आणि त्या दुपारी झाडाखाली पद्मजा जे बोलली ते त्याच्या कानावरून वाऱ्यासारखं गेलं होतं. त्याच्या लेखी गावानं परवानगी दिली होती. ''काढतो,'' तो शेवटी म्हणाला, ''पण आता उपयोग नाही हो. लोकांनी उतरवून घेतलंय, आपापल्या नावानं टाकलंय.''

घराकडं जाताना सिग्नल केव्हा हिरवा झाला ते तिला कळलं नाही, मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमले. डोक्यात ती दुपारच होती. तो उपक्रम साधाच होता: तहसिलीतल्या गावोगाव, झाडांखाली, बांधांवर, विहिरींच्या काठाला कलचुरी राजांच्या काळच्या मूर्ती पडल्या आहेत, त्यांचे चारी अंगांनी शेकडो फोटो घ्यायचे, संगणकानं त्यातून मूर्ती उभी करायची, आणि लोकांना मोबाइलवर ती बोटानं फिरवून बघता यावी. शाळेतल्या मुलांना कळावं की आपल्या गावची देवी हजार वर्षांची आहे. सव्वीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवून, जांभया देणाऱ्या पोरांसमोर काळवंडलेल्या स्लाइडी दाखवून पद्मजाचं मन विटलं होतं, आणि या कामानं तिला पुन्हा तरतरी आली होती. मझौलीच्या पुढं सात-आठ किलोमीटरवरच्या त्या गावात शिवेवरच्या निंबाखाली खेरमाई बसलेली. गावाची राखणदार. तिच्यावर पिढ्यान् पिढ्या तेल-शेंदूर चढत आलेला, दोन-तीन बोटं जाड, नाकडोळे सगळे बुजून नुसता एक केशरी गोळा, त्यावर चांदीचे डोळे चिकटवलेले. पण खाली शेंदूर पोहोचला नव्हता तिथं पाय दिसत होते, पायांतले वाळे दिसत होते, वाहनाचं एक शिंग दिसत होतं. पद्मजानं ते पाय बघितले आणि ती वेडी झाली. ही योगिनी होती, कलचुरींच्या चौसष्ट योगिनींपैकी एक. त्यांच्या मंदिरातल्या योगिनींचे चेहरे फोडलेले, नाकं उडवलेली. आणि ही इथं शेंदरामुळंच अख्खी वाचलेली असणार. त्या गोळ्याच्या आत एक चेहरा आहे आणि तो गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलेला नाही, या विचारानं तिला जेवण गोड लागेना.

सुखरानीबाईनं मात्र नाही म्हटलं. साठी उलटलेली, वाळकी, ताठ बाई. खेरमाईची दिवाबत्ती तिच्या घराकडं. फोटो घ्या म्हणाली, झाडझूड करा म्हणाली, पण शेंदूर काढायचा नाही. ''चोला माई खुद छोड़ती है, बेटी. जब उनकी मरजी.'' आणि ते खरंच होतं. त्या मुलखात देवाच्या अंगावरचा थर फार जड झाला की एक दिवस आपोआप सुटून येतो, लोक त्याला चोला म्हणतात, तो सुटला की गाव वाजतगाजत नर्मदेत सोडून येतं. या माईनं मात्र सुखरानीबाई सून म्हणून आली तेव्हापासून चोला सोडला नव्हता. प्रसन्ननं टॅबवर दुसऱ्या गावची एक मूर्ती दाखवली, बोटानं गरगर फिरवली. म्हातारीनं आधी कौतुकानं हात जोडले, आणि मूर्ती पाठमोरी झाली तशी झटकन डोळ्यांवर पदर घेतला. ''माई की पीठ नईं देखत,'' म्हणाली. प्रसन्न हसला. पद्मजाही हसली. आता स्कूटरवर ते हसू आठवून तिला स्वतःचा संताप आला.

मंगळवार होता, मझौलीचा बाजार. अख्खं गाव बाजाराला गेलेलं. एप्रिलच्या उन्हानं शेंदरातलं तेल सुटून थर मऊ पडला होता. कानामागं एक चीर दिसत होती, खरोखरच दिसत होती, आज ना उद्या सुटलाच असता तो. असं तिनं स्वतःला तेव्हा सांगितलं आणि नंतरही कितीदा तरी सांगितलं. प्रसन्न गाडीत बॅटऱ्या बदलत होता. तिनं आधी नुसतं बोट घातलं. मग पट्टी. गोडंतेल कापसानं आत सोडत, कडेकडेनं, श्वास रोखून, एवढी माया तिनं आयुष्यात कुणाच्या अंगाला हात लावताना केली नसेल. दोन तास. आणि सबंध मुखवटा तिच्या हातात आला, आतून पाहिला तर त्यात त्याच चेहऱ्याचा ठसा, नाकाच्या जागी खळगा, ओठांच्या जागी खळगा. आणि समोर दगडात ती. पद्मजा रडली. आनंदानं रडली, त्यात खोटं काही नव्हतं. प्रसन्ननं भराभर तीनशे फोटो घेतले. आणि मग बाजारातून सगळ्यांच्या आधी सुखरानीबाईच आली, डोक्यावर मिठाची पिशवी, ती पिशवी तिथंच पडली. मग पद्मजाच्या डोळ्यांत बघून तिनं विचारलं, ''काहू ने हाथ तो नईं लगाओ?'' पद्मजानं हात पाठीमागं घेतले. ''नहीं अम्मा. अपने आप.'' एवढंच. दोन दिवसांत सांगून टाकू, लोकांचा आनंद ओसरला की शांतपणे सांगू, असंही तेव्हा वाटलं होतं तिला.

पण आनंद कसला! चौथ्या दिवशी ट्रॅक्टर भरून गाव नर्मदेवर ग्वारीघाटाला आलं, ढोल-झांजा, नारळ, बायका गात होत्या, आणि आपल्याला बोलावलं म्हणून पद्मजाही गेली. गर्दीत सुखरानीबाई तेवढी कोरडी होती. तिच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. चोला पाण्यात सोडला, त्याच्यामागून तिनं ते कागद उलगडले, निळा चौकड्यांचा शर्ट निघाला, तोही सोडला, आणि मग ती अशी काही ओरडली की ढोल थांबले. तिचा मुलगा शैलेंद्र सात वर्षांपूर्वी सुरतेला कामाला गेला होता. पहिली दोन वर्षं फोन यायचे, मग नाही. पोलीस झाले, सुरतेची फेरी झाली, मांत्रिक झाले. शेवटी म्हातारीनं खेरमाईला साकडं घातलं होतं: माझा सैलू असला तर तू चोला धरून ठेव, नसला तर सोड, मी समजेन. चार वर्षं रोज सकाळी ती निंबाखाली जाऊन आधी चोला बघायची आणि मग तोंड धुवायची. हे पद्मजाला घाटाच्या पायरीवर शेजारच्या बाईनं सांगितलं, खारे शेंगदाणे देता देता. समोर म्हातारीच्या सुनेची, गिरजाची, टिकली बायका काढत होत्या. पोरगी पंचविशीची असेल, रडत नव्हती, नुसती बघत होती पाण्याकडं. तेव्हा बोलायचं होतं. तिथं, त्या क्षणी, चार पायऱ्या उतरून. पद्मजाच्या हातात शेंगदाणे तसेच राहिले. पुढं तिसऱ्याच दिवशी गावानं खेरमाईवर नवा शेंदूर चढवला, चेहरा पुन्हा बुजला, आणि तो आता फक्त मोबाइलात उरला. तिथं तो शहरातल्या शाळांच्या पोरांनी बोटानं फिरवला, त्याची पाठही बघितली. उद्घाटनाच्या दिवशी पद्मजाचा शाल देऊन सत्कार झाला. शाल कपाटात खालच्या फळीवर होती, ती तिनं एकदाही अंगावर घेतली नव्हती.

''काहून गं, चेहरा असा काहून उतरला?'' दारातच बापूसाहेबांनी विचारलं. तिचे वडील, शहाऐंशीचे. भोसल्यांच्या चाकरीत आलेल्या घराण्याचा फार अभिमान, चाळीस वर्षं मास्तरकी केलेली, अजूनही वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेननं काढायचे. तिनं गोळ्या दिल्या, पाणी दिलं, आणि समोर बसून सगळं सांगून टाकलं. सांगताना तिला वाटत होतं की ते मध्येच म्हणतील, जाऊ दे बेटा, एवढं काय त्यात. पण ते ऐकून झाल्यावर चष्मा काढून पुसत बसले. ''तू खोटं बोलली,'' ते म्हणाले. ''हो.'' ''आईला. पोराबद्दल.'' ''मला ठाऊक नव्हतं ना बाबा तेव्हा!'' ''घाटावर तं कळलं होतं ना.'' पद्मजानं पाण्याचा रिकामा पेला उचलून परत खाली ठेवला. मग म्हातारा म्हणाला, ''अच्छा, चलो. उद्या सकाळची सिहोऱ्याची बस पकड. त्या बाईला दुसऱ्या कोणी दाखवायच्या आधी तू सांग. शिव्या देईल तं खा. मोकळी होशील.'' मोकळी होशील हे ऐकून तिला लहानपणी ताप उतरल्यावर वाटायचं तसं हलकं वाटलं. काय करायचं ते कुणीतरी सांगितलं होतं.

सिहोऱ्यापर्यंत बसमध्ये खिडकी मिळाली. पद्मजा वाक्यं जुळवत होती. अम्मा, मुझसे गलती हुई. नाही, गलती कसली. अम्मा, मैंने झूठ बोला था. हे बरं. आधी पाया पडायचं की आधी सांगायचं? तिला एकदम वाटलं, आपण तिला मुलगाच परत देतो आहोत की. निदान त्याची आशा. आणि लगेच तिला आपली शरम वाटली, कारण त्यात सत्काराच्या दिवसासारखंच काहीतरी होतं. समजा, तो खरंच मेलेला असला तर? मग आपण कुणाला काय परत देणार? पण मेला की जिवंत हे ठरवणारी आपण कोण, आपण ते एकदा ठरवलं होतं, लाकडी पट्टीनं ठरवलं होतं, आणि तेच निस्तरायला चाललो आहोत. शेजारचा माणूस मोबाइलवर काहीबाही बघत होता. दर खेपेला त्याचं बोट वर सरकलं की तिची नजर तिकडं जायची. सिहोऱ्याला उतरून तिनं मझौलीची बस धरली, मझौलीला रिक्षा. वाटाण्याच्या शेतांवर कोवळं ऊन होतं, कडेला उसाचा रस चालू होता, सगळं कसं नेहमीसारखं. निंबाखाली खेरमाई केशरी होऊन बसली होती. पद्मजानं रिक्षा तिथंच थांबवून ठेवली आणि लांबूनच हात जोडले. जवळ जायचं धाडस झालं नाही.

अंगणात गिरजा तांदूळ निवडत होती. पद्मजाला बघून ती एकदम उभी राहिली, सूप कलंडलं. ''दीदी, आप?'' तिनं टिकली लावलेली होती. पद्मजानं ती बघितली आणि बघून सोडून दिली; डोक्यात वाक्यांची रांग होती, ती मोडायची नव्हती. ''अम्मा हैं?'' ''हैं. दीदी, पहले मैया के दरसन कर लो. चलो, मैं चलती हूं साथ में.'' ''बाद में. पहले अम्मा से बात करनी है.'' ''चाय पी लो फिर. बाहर बैठ के.'' पोरगी दारात आडवी उभी राहिल्यासारखी उभी होती, पदराचं टोक पिळत होती, आणि पद्मजाला वाटलं, किती अगत्य हे, आणि आपण या घराचं काय केलं. त्यानं तर तिला आणखीच राहवेना. ''गिरजा, हट जरा,'' ती म्हणाली, आणि वाकून आत गेली.

आत भिंतीवर शैलेंद्रचा फोटो होता, हार घातलेला, हार झेंडूचा आणि ताजा. सुखरानीबाई खाटेवर पाय हलवत बसली होती. आठ महिन्यांत ती भरली होती जराशी, चेहऱ्यावरचा ताण गेला होता. झोप लागते आहे अशा माणसाचा चेहरा. हे पद्मजाला दिसलं. दिसूनही ती बोलली. उभ्याउभ्या, पाया न पडता, एका दमात: अम्मा, माईनं चोला सोडला नव्हता, मी काढला, माझ्या हातांनी, तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, मला माफ करू नका. आणि मोबाइल काढून तिनं ते वीस सेकंदही दाखवले. म्हातारीनं एकदा बघितलं. पुन्हा दाखव म्हणाली. हात बघितले, करंगळी बघितली, मग पद्मजाचा खराखुरा हात धरून ती करंगळी चाचपली. पद्मजा थपडेची वाट बघत होती. तिला ती हवी होती.

''तो माई ने नईं छोड़ो?'' ''नहीं अम्मा.'' ''अपने मन से नईं छोड़ो?'' ''नहीं.'' सुखरानीबाईनं तोंड उघडलं आणि त्यातून हसू निघालं. बारीक, घोगरं, थांबेचना. ''तो मोरो सैलू है!'' ती खाटेवर चढली, फोटोवरचा हार तिनं ओढून काढला, झेंडूच्या पाकळ्या खाटभर झाल्या. पदरानं ती काच पुसत राहिली, ''मैं कैत हती, मैं कैत हती न,'' म्हणत राहिली. मग दाराकडं वळली. ''बहू! ओ बहू! सिहोरा वालन खों फोन लगा. मना कर दे. कह दे मोरो लड़का जिंदा है.''

गिरजा दारातच उभी होती. ''हओ अम्मा,'' ती म्हणाली.

पद्मजाला काही समजलं नाही आणि मग सगळं एकदम समजलं. ती बाहेर आली तेव्हा गिरजा निंबाकडं चालू लागली होती. फोनला रेंज तिथंच मिळायची. पद्मजा तिच्यामागून गेली. सिहोऱ्याला एकाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, बायको गेलेला, बरा माणूस, म्हातारीनंच शोधलेला. मुलगा गेला हे एकदा मानल्यावर तिनं सुनेला लेक म्हणून उजवायचं ठरवलं होतं. गुरुवारी ती माणसं बांगड्या भरायला येणार होती. हे गिरजानं चालता चालता सांगितलं, मागं न बघता, बाजारभाव सांगावा तसं. ''वो वीडियो हमने देख लिया था दीदी. दस दिन हो गए. आपकी उंगली से पहचाना. गांव में जिस-जिसके पास दिखा, पांव पकड़े कि अम्मा को मत बताना. सब मान गए.''

''मुझे... मुझे बता देती,'' पद्मजा म्हणाली. म्हणता म्हणताच तिला सूप कलंडलेलं आठवलं, दारात आडवी उभी पोरगी आठवली. ''मी सांगते तिला. थांब, मी परत जाते, सांगते की मी आता खोटं...'' आपण मराठीत बोलतो आहोत हेही तिच्या ध्यानात नव्हतं.

गिरजानं नंबर लावला. पद्मजाला तिथून हलता येईना, ऐकावं लागलं. ''हां, मैं बोल रही हूं. गुरुवार को मत आना... नहीं, कोई बात नहीं हुई... वो हैं. हां. अम्मा कह रही हैं, हैं.'' पलीकडून तो काहीतरी बराच वेळ बोलत होता. गिरजा हूं हूं म्हणत ऐकत होती, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मग ''अच्छा'' म्हणाली आणि फोन बंद केला. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

''दीदी,'' गिरजा म्हणाली. आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. ''आप तो पढ़ी-लिखी हो. पत्थर देख के बता देती हो कितने साल का है. आप ही बता दो, मैं कितने साल और देखूं?''

पद्मजानं तिचा हात धरायला हात पुढं केला. गिरजा त्या हाताकडं बघत राहिली, तेव्हा तिनं तो मागं घेतला. घराकडून सुखरानीबाईची हाक आली, खणखणीत, पंधरा वर्षांनी तरुण झाल्यासारखी: ''बहू! भात चढ़ा दे. सैलू के नाम को भी डार दइयो!'' गिरजानं फोन कमरेला खोचला आणि ती तांदूळ धुवायला गेली.